एका कानातली कुडी

आमच्या घराखाली लूम आहेत, कापडाचे यंत्रमाग. नारपोलीत हे सांगायची गरज पडत नाही, पण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, नाहीतर माझा आवाज एवढा मोठा का, हे त्याला कळत नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा माझा आवाज चारचौघींसारखाच होता. पण खाली लूम सुरू असले की जमीन थरथरते, मांडणीवरची भांडी किणकिणत राहतात आणि समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. मग माणूस एकतर ओरडायला शिकतो, नाहीतर हातवारे करायला. मी दोन्ही शिकले.

कारखाना तेव्हा आमचा स्वतःचा होता. सासरचं मूळ गाव वडपे. थोरल्या दिरांनी तिथली भातशेती धरून ठेवली आणि आमच्या ह्यांनी नारपोलीत जागा घेऊन खाली लूम टाकले, वर राहायला दोन खोल्या बांधल्या. पुढे हायवेला गोदामांची रांग लागली, वडप्याच्या शेतांना भाव आला, आणि दोघा भावांत शहाणा कोण ठरला ते सांगायला नको. ह्यांना त्याचं वाईट वाटलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. त्या खडखडाटात उभे राहिले की त्यांचा चेहरा शांत व्हायचा. मी म्हणायची, देवळात असल्यासारखे उभे असता. ते त्यांना ऐकूच जायचं नाही.

आमचा जिना कारखान्याच्या जाळीच्या खिडकीसमोरून उतरतो. त्या जाळीतून आमचा संसार चालला. मी बोटं तोंडाशी नेली की जेवण तयार. अंगठा ओठांशी नेला की चहा. ते एका बोटावर दुसरं बोट झटकन ओढायचे, म्हणजे धागा तुटलाय, थांब. मूठ दाखवली की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आलाय, आज उशीर. असले इशारे सगळ्याच कारखान्यांत चालतात. पण एक इशारा फक्त आमचा होता. मी काही नवं घालून जिना उतरले, किंवा जुनंच पण बऱ्याच दिवसांनी घातलेलं, की हे जाळीआडून बघायचे, आपल्या कानाच्या पाळीला हात लावायचे आणि भुवया वर करायचे. काय विशेष, कुठे निघालात? एवढंच. तोंडाने ह्यांनी मला जन्मात कधी ‘छान दिसतेस’ म्हटलं नाही. त्या भुवया वर गेल्या की मला दिवसभर पुरायचं.

मोत्याच्या कुड्या ह्यांनीच आणल्या. मोत्यांचं फूल, मधे लाल खडा, मागे फिरकी. एका दिवाळीला बाजारपेठेतल्या सोनाराकडून घेतल्या आणि मला काही न सांगता भाजीच्या पिशवीत टाकून दिल्या. मी कांदे टोपलीत ओतले तर कांद्यांबरोबर लाल डबी घरंगळली. वर बघते तर हे केव्हाच खाली पळालेले. दुसऱ्या दिवशी कुड्या घालून जिना उतरले, आणि जाळीआडचा माणूस कानाला हात लावून असा काही बघायला लागला, जणू त्या कुड्या कुठून आल्या हे त्यालाच माहीत नाही. लबाडच होते तसे.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. दुपारी जेवून खाली गेले ते लूमपाशीच बसले आणि उठले नाहीत. मला कुणी हाक मारली नाही. पायाखालची जमीन थरथरायची थांबली, म्हणून मी खाली आले.

नंतर कारखाना मी शेजारच्याच एका कारखानदाराला चालवायला दिला. लूम तेच, कारागीरही बरेचसे तेच. पण जाळीकडे बघायचं मी सोडून दिलं. जिना उतरताना एक हात भिंतीला, नजर पायरीवर, आणि जाळी मागे पडली की मान वर. पडायची भीती वाटते म्हणून बघत नाही, असं लोकांना सांगते. लोकांनाही ते पटतं, कारण माझ्या वयाच्या बाईने पडायचंच असतं.

तर ह्या सहलीचं खूळ मुलीने काढलं. मुलगी बंगळुरूला असते. आई, तू कुठे जात नाहीस, कुणाशी बोलत नाहीस, असं म्हणून तिने फोनवरच माझं बुकिंग करून टाकलं. नरसोबाची वाडी, कोल्हापूर, मग घाट उतरून मालवण. कुणाशी बोलत नाहीस म्हणून मला चाळीस अनोळखी माणसांत नेऊन बसवायची ही कल्पना तिला कुठून सुचली देव जाणे. मी नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. हट्ट ह्यांच्यावर गेलाय.

बातमी वडप्याला पोचली आणि जाऊबाईंचा फोन आला. जाऊबाई लग्नकार्यात मनगटापासून कोपरापर्यंत सोनं घालतात, त्यामुळे सोन्याच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या घराण्यात शेवटचा.

‘‘खरा सोना घालून जाव नको गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसमदी कोन कसा हाय, कलत न्हाय. खोटा घाल. मी पन परवासाला खोटाच घालते.’’

प्रवासाला खोटं घालायचं, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. खरं कपाटात झोपतं आणि खोटं देवदर्शन करून येतं. मी गुमान एक ग्रॅमवाल्याच्या दुकानात गेले आणि माझ्या कुड्यांच्या जोडीला जोड घेऊन आले. हुबेहूब तशाच. फरक एवढाच की खोटं घातलं की संध्याकाळपर्यंत माझे कान सुजतात, पिकतात आणि चिघळतात. माझ्या कानांना खऱ्या-खोट्याची जेवढी पारख आहे तेवढी मला माणसांत असती तर फार बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी खऱ्या काढल्या, खोट्या घालून आरशात बघितल्या, खाज सुटली म्हणून त्याही काढल्या, कानाला खोबरेल तेल लावलं. दोन्ही जोड खिडकीच्या फळीवर शेजारी शेजारी. तेवढ्यात दाराशी गॅसवाला आला. त्याच्याशी सिलेंडर गळतोय की नाही ह्यावर माझं भांडण झालं, आणि भांडून आल्यावर एक जोड कपाटात ठेवला, एक कानात घातला. रागाच्या भरात केलेलं काम हे असं असतं.

मानकोलीच्या नाक्यावर बस उभी होती. मागेपुढे कंटेनर, मधे आमची ती रंगीत बस, आणि तिच्यावर देवांची चित्रं. माझ्या शेजारी कल्याणच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. अगदी हळू बोलायच्या. मी ‘‘तुम्ही खिडकीला बसता का?’’ असं विचारलं तर पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. साताऱ्याच्या आसपास पोचेपर्यंत बसमधल्या सगळ्यांना माझ्या गुडघ्यांचं, मुलीच्या नोकरीचं आणि आमच्या गॅसवाल्याचं इत्थंभूत कळलं होतं. मी सांगितलं फक्त बाईंना.

चहासाठी बस थांबली तिथे बाई खाली उतरल्या. माझे गुडघे आखडले होते, मी वरच बसले. खिडकी बंद, काच जाड. बाईंनी खालून माझ्याकडे बघितलं, काही हवंय का अशा नजरेने. मी काचेआडून हसले आणि अंगठा ओठांशी नेला. त्या बघतच राहिल्या. त्यांना कळलं नाही असं वाटून मी अंगठा दोनतीनदा चांगला हलवून दाखवला. टपरीवरची माणसं एकमेकांना कोपराने ढोसून हसायला लागली. बाई लालबुंद होऊन वर आल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘‘अहो, असं नका हो करू. ह्याचा अर्थ दारू होतो.’’

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण जरा घाबरून. हसता हसता माझ्या एकदम लक्षात आलं की हा अंगठा मी कित्येक वर्षांत कुणाला दाखवला नव्हता. हात आपणहून वर गेला होता, समोर काच होती आणि काचेपलीकडे कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, म्हणून. मग माझं हसू ओसरलं. बाईंनी आणलेला चहा मी प्यायले.

वाडीला दर्शन छान झालं. नदी संथ होती, घाट धुतलेला होता, गर्दी बेताची. मी अंगाऱ्याच्या पुड्या घेतल्या, आळीत वाटायला. यात्रेहून आल्यावर प्रसाद नाही दिला तर आळी वर्षभर लक्षात ठेवते. रात्री मात्र मला झोप येईना, दोन्ही मुक्कामांना. भक्तनिवासात अशी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. खालून काही थरथरत नाही म्हटल्यावर अंगाखालची गादी मेल्यासारखी वाटायची. बाई मात्र मस्त झोपायच्या.

कोल्हापूरला सकाळी वेणी घालताना सहज कानाला हात लागला. कान मऊ होता. सूज नाही, खाज नाही, काही नाही. आधी मला आनंदच झाला, म्हटलं देवाने गुण दिला. दुसऱ्या क्षणी डोक्यात प्रकाश पडला. फिरकी फिरवून बघितली. माझी खरी फिरकी अर्ध्या वळणावर जराशी अडखळते, तशी ती अडखळली. म्हणजे खोटं कपाटात सुखाने झोपलं होतं आणि खरं माझ्याबरोबर देवदर्शन करत होतं.

इथे शहाण्या बाईने काय केलं असतं? काही नाही. कान पिकत नाहीत, कुड्या कानात घट्ट आहेत, तर तशाच राहू द्याव्यात. पण माझ्या डोक्यात जाऊबाई बोलायला लागल्या. बसमदी कोन कसा हाय, कलत न्हाय. काल ज्यांच्याबरोबर पिठलंभाकरी खाल्ली ती सगळी माणसं मला चोर दिसायला लागली. मी दोन्ही कुड्या काढल्या. मग विचार केला की दोन्ही एका जागी ठेवल्या तर चोर दोन्ही नेईल. म्हणून एक रुमालात बांधून ब्लाउजच्या आत ठेवली आणि दुसरी एका अंगाऱ्याच्या पुडीत घालून पुडी पर्समध्ये टाकली. अंगाऱ्याला कोण हात लावतंय? एकच कुडी उरली तर तिचं मी काय करणार होते, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

दुपारी बस घाट उतरायला लागली. वळणामागून वळण. बाईंचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला आणि मग त्यांना बस लागली. जोराची लागली. मी पिशवी धरली, पाठ चोळली, पाणी दिलं. पुढच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, ‘‘देवाचा अंगारा लावा त्यांच्या कपाळाला, लगेच बरं वाटेल.’’ मी पर्समध्ये हात घातला, हाताला लागली ती पुडी काढली, चिमूटभर अंगारा बाईंच्या कपाळाला लावला, चिमूटभर गळ्याला. पुडी मांडीवर. तेवढ्यात पुन्हा उलटी. मांडीवरचं सगळं भिजलं. मी भिजलेला कागद, ओली पिशवी, पुसायचं फडकं, सगळ्याचं एक गाठोडं केलं, नाक दाबलं, खिडकीची काच सरकवली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ते दरीत भिरकावलं. घाटात कचरा टाकू नये हे मलाही कळतं. पण त्या वेळी वास कळत होता.

बाईंना खरंच बरं वाटलं. अंगारा लागू पडला. माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्या झोपल्या आणि मी घाट संपेपर्यंत खांदा हलवला नाही. इतक्या वर्षांत कुणी माझ्या अंगावर रेलून झोपलं नव्हतं. मला बरं वाटत होतं. किती बरं वाटत होतं हे सांगायलाही लाज वाटते.

मालवणला खोलीवर गेल्यावर मी पर्स पलंगावर उपडी केली. उरलेल्या पुड्या एकेक करून उघडल्या. अंगारा, अंगारा, अंगारा. मग रुमाल सोडला, तर त्यातली कुडी होती तिथेच होती. त्या एकटीला हातात घेऊन मी पलंगावर बसून राहिले. चोर नाही, चिलट नाही. माझ्याच हाताने, तेही दम लावून.

बाईंना मी सांगितलं नाही. सांगून काय, त्या बिचाऱ्या जन्मभर मनाला लावून घेतील. मी आहे ती कुडी डाव्या कानात घातली. उजव्याचं भोक रिकामं ठेवलं तर बुजतं, असं माझी आई म्हणायची. लहानपणी कान टोचल्यावर तिने कडुनिंबाची काडी घातली होती. इथे कडुनिंब कुठे शोधणार? कोपऱ्यात खराटा होता, त्याची एक बारीक काडी मोडली, धुतली, तेल लावलं आणि कानात सरकवली. आरशात बघितलं. एका बाजूला मोत्यांचं फूल आणि एका बाजूला खराट्याची काडी. मला वाटलं आता सगळे विचारणार. काय सांगायचं त्याची मी तयारीसुद्धा केली.

कुणी विचारलं नाही. जेवताना नाही, किनाऱ्यावर नाही, परतीच्या अख्ख्या प्रवासात नाही. बाई माझ्या उजव्याच बाजूला बसल्या होत्या. मानकोलीला उतरताना त्यांनी मला मिठी मारली, म्हणाल्या, ‘‘तुमच्यासारखी माणसं हल्ली मिळत नाहीत.’’ त्यांचा गाल माझ्या काडीला घासला असेल. मग त्यांना घ्यायला त्यांचा मुलगा आला आणि त्या गेल्या. मी रिक्षा केली.

घरी कुलूप काढलं, कपाट उघडलं. खोट्या कुड्या डबीत चकचकत होत्या. त्या घालता आल्या असत्या, किंवा दोन्ही कान मोकळे करून विषय मिटवता आला असता. पण मला राग आला होता. कुणावर ते नीट सांगता येणार नाही. मी ठरवलं की काडी काढायची नाही. बघू या तरी, ह्या जगात माझ्या कानाकडे बघणारं कुणी उरलंय का.

आता वाचताना हे पोरकट वाटेल. पण कुडी हरवल्याचं दुःख मला एवढं नव्हतं. सोनं काय, येतं आणि जातं. बाईमाणूस दागिना घालते तो कुणाच्या तरी नजरेला पडावा म्हणून. एक हरवला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर मग इतके दिवस मी तो कुणासाठी घालत होते? ह्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं, आणि त्याची मला भीतीही वाटत होती.

शेजारणीला प्रसाद दिला. तिने बसचं, जेवणाचं, खोल्यांचं बारीकसारीक विचारलं, मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, ‘‘काळवंडलात हो उन्हाने.’’ भाजीवाली, दूधवाला, रोज दारावरून जाणारी माणसं, सगळ्यांशी मी मुद्दाम उजवा कान पुढे करून बोलले. मुलीने व्हिडिओ कॉल केला. मी मान वाकडी करून करून कान कॅमेऱ्यापुढे नेला, तर ती म्हणाली, ‘‘आई, फोन नीट धर ना, नुसतं छत दिसतंय.’’ जाऊबाईंचा फोन आला. ज्यांनी हमखास ओळखलं असतं त्या नेमक्या फोनवर.

‘‘सोना नीट हाय ना गो?’’

‘‘हाय,’’ मी म्हणाले. वडप्याच्या माणसांशी बोलताना माझंही ‘हाय’ होतं. फोन ठेवला आणि मला रडू आलं. खोटं बोलले म्हणून नव्हे. विचारणारं जे एकच माणूस निघालं, ते सोन्याचं विचारत होतं.

कारखान्यात प्रसाद द्यायचा राहिला होता. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, म्हणून शनिवारी कोल्हापूरच्या पेढ्यांचा पुडा घेऊन निघाले. एका हातात पुडा, एका हातात कचऱ्याची बादली, त्यामुळे भिंत धरता येईना. जाळीपाशी आले आणि पाय सावरायला थांबले. थांबले म्हणून मान वर झाली.

जाळीपलीकडे चाचा होते. चाचा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कारागीर, आझमगडकडचे. ह्यांच्या समोरच्या लूमवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. मला भाभी म्हणतात, पण ह्यांच्यानंतर आमचं बोलणं ईदच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छांपुरतंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसल्यासारखं करून पुढे जाणार, तेवढ्यात त्यांनी हात वर नेला, आपल्या कानाच्या पाळीला लावला आणि भुवया वर केल्या.

माझ्या हातातली बादली खाली टेकली. पुडा काखेत धरला. मग मी एका बोटावर दुसरं बोट झटकन ओढलं. धागा तुटला.

चाचांनी लूम बंद केला. कारागिराला कापडावर पैसे मिळतात, बोलण्यासाठी लूम कुणी बंद करत नाही. ते दारात आले. बाकीचे लूम चालूच होते, त्यामुळे ते ओरडून बोलले, मीही ओरडूनच.

‘‘एक कान का क्या हुआ, भाभी?’’

‘‘गिर गया. घाट में. मैंने खुदही फेक दिया.’’

त्यांनी हळहळून मान हलवली. मी विचारलं, ‘‘चाचा, ये कान का इशारा तुमको कैसे मालूम?’’ विचारताना मला जरा रागच आला होता. माझ्या कपाटातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसा.

‘‘सबको मालूम है,’’ चाचा ओरडले. ‘‘आप सीढ़ी पे दिखीं, तो सेठ पहले हमको करते थे. ऐसे. मतलब, देखो, आज कान में क्या पहना है. फिर आपको करते थे.’’ मग म्हणाले, ‘‘वो मोतीवाला लाए थे, तो पूरे कारख़ाने को दिखाया था. बोले, घर में मत बोलना.’’

एवढी गोष्ट त्यांना घसा ताणून सांगावी लागली, आणि ती अख्ख्या बोळाने ऐकली. मला लाज वाटली, ह्या वयात. जो इशारा मी फक्त माझा म्हणून इतकी वर्षं सांभाळला, तो सगळ्या कारखान्याचा होता. मी जिना उतरायची तेव्हा जाळीआडून एक माणूस नाही, सगळा कारखाना बघत असायचा, कारण ह्यांनी त्यांना बघायला लावलेलं असायचं. मला एक शब्द बोलले नाहीत आणि बाहेर दवंडी पिटली. मी त्यांना लबाड म्हटलं ते काही खोटं नाही.

पेढे मी चाचांच्या हातात दिले. ते आत गेले, लूम सुरू केला. जिना चढायला लागले आणि जाळीपाशी पुन्हा थांबले. मुद्दाम थांबले. चाचांनी वर बघितलं. मी अंगठा ओठांशी नेला.

त्यांनी मान डोलावली आणि जुन्या सवयीने निरोप ह्यांना द्यायला म्हणून समोरच्या लूमकडे वळले. अंगठा त्यांच्या ओठांपर्यंत गेलाही होता. समोर दुसराच कुणीतरी पाठ करून उभा होता. चाचांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही. त्या लूमपाशी कोण नाही ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. इतक्या वर्षांत ते नसणं मी दुसऱ्या कुणाबरोबर पाहिलं नव्हतं.

वर आले आणि चहाचं आधण ठेवलं, दोघांपुरतं.